कान्हूची घाई

"ओ काका, बसा खाली. गाडी थांबू द्या. कान्हूची घाई कशाला करताय?"

कंडक्टरबाई सहज बोलली आणि पुढच्या सीटवरच्या दोघी बायका फिसकन हसल्या. हैबतराव हातात पिशवी धरून तसेच उभे राहिले. पेण-रोहा गाडी भिसे खिंड उतरत होती. त्यांचं निडी गाव अजून यायचं होतं, आणि इतक्या लवकर उठून दाराशी जायचं खरं तर काही कारणच नव्हतं.

"काय म्हणालात?"

"बसा बोलले. वळनं हायत. पडलात तर माझ्या डोक्याला ताप."

"ते नाही. कोणाची घाई म्हणालात?"

"कान्हूची." बाईने तिकिटाचं मशीन खांद्यावर सारलं. "आमच्याकडं बोलतात असं. कोन घाई करायला लागला का कान्हूची घाई नको, हात जाईल."

"कोण हा कान्हू?"

"काय म्हाईत! असंल कोनतरी येडा. मी नागोठण्याची. आमची आय बोलते, म्हनून मी बोलते."

"ज्याची माहिती नाही त्याला वेडा म्हणू नये," हैबतराव ताडकन बोलले. बाईने त्यांच्याकडे बघितलं, 'सकाळी सकाळी कुठून भेटतात ही माणसं' असा चेहरा केला आणि ती मागे निघून गेली.

कान्हू कोण, हे त्या भरल्या गाडीत एकट्या हैबतरावांना ठाऊक होतं. कान्हू वेडा नव्हता. आणि घाई तर त्याला जन्मात कधी जमली नाही. शाळेत मधली सुट्टी संपली तरी याची भाकरी संपलेली नसायची. पुढे दोघे धाटावच्या एका कंपनीत लागले, तिथेही एकेक नट तो असा फिरवायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. अशा माणसाच्या नावावर घाई चढली ती हैबतरावांच्या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य आता एस.टी.त बसून नागोठण्यापर्यंत जाऊन आलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीचा जानेवारी होता. दोघांची पहिली पाळी, दुपारी तीनला सुटणारी. हैबतराव ऑपरेटर, कान्हू त्यांचा हेल्पर. वाफेवर चालणारं एक भलंमोठं भांडं त्यांच्या ताब्यात असे. प्रेशरचा काटा शून्यावर आल्याशिवाय त्याच्या झाकणाचे बोल्ट सोडायचे नाहीत, हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत. त्या दिवशी काटा शून्याच्या जरासा वर होता. तिकडे कान्हूच्या वावरात पोपटी लावायची होती, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या होत्या, आणि अष्टमी गावाहून दोघांचा दोस्त महमूद येऊन बसलेला होता. हैबतराव म्हणाले, "काढ रे, किती वेळ लावतोस!" कान्हूने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि बोल्ट काढला.

झाकण उडालं आणि त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीचे साहेब इस्पितळात गेले तेव्हा कान्हू एवढंच म्हणाला, "हैबतला विचारा. तो सांगंल." हैबतरावांनी सांगितलं. मी वही भरायला केबिनमध्ये गेलो होतो, त्याने आपल्या मनाने उघडलं, त्याला घरी जायची घाई होती. कान्हूची नोकरी गेली. हैबतरावांची वापीच्या कारखान्यात बदली झाली, बढतीसकट.

आणि गेल्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. वापीच्या साहेबांनी भाषणात सांगितलं, की इतक्या वर्षांत यांच्या हातून एक चूक झाली नाही. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. हैबतरावांनी हातातला पेढा न खाताच परत डब्यात ठेवला. तेव्हापासून त्यांचं कशात मन लागत नव्हतं. एकदा गावी जाऊन कान्हूच्या समोर बसायचं, जे सांगायचं ते सांगून मोकळं व्हायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. ठरवायला मे, निघायला जानेवारी.

निडीत घराच्या पडवीत शांतीवहिनी वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. थोरला भाऊ दोन वर्षांमागे गेला, तेव्हापासून घरात त्या एकट्याच.

"कोन हाय?"

"मी हैबत, वयनी."

"कोन हैबत?" त्यांनी मान वर केली नाही. ओळखलं होतं हे त्यांच्या हातांवरून कळत होतं, शेंगा भराभर पडू लागल्या होत्या.

"असं काय करता? पेणहून पापड आणलेत तुमच्यासाठी."

"ठेवा तितं."

हैबतरावांनी पुडा खांबाशी ठेवला आणि आपणच पायरीवर टेकले. बऱ्याच वेळाने वहिनी उठल्या, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्या हातात न देता जमिनीवर ठेवला. कोणा परक्याला ठेवावा तसा.

"मुक्काम हाय का?"

"एक रात्र."

"हातरूनं काढून ठेवते. वाटनीचं काय बोलायचं असंल तर आत्ताच बोला."

"वाटणी नको मला. कान्हूला भेटायला आलोय."

वहिनींचे हात थांबले. मग त्या अशा हसल्या की हैबतरावांना तांब्या तोंडाला लावायची लाज वाटली.

"त्याच्या वावराला आपलं वावर लागून हाय, बांधाला बांध. एकोनीस वर्सं झाली. त्याची रोहिनी तिकडं तोंड करून वाल तोडते, मी इकडं तोंड करून तोडते. माझं काय वाकडं हाय तिच्याशी? एका दिवसात लगीन होऊन आलो आमी दोघी या गावात. पन तुमचं नाव लागलंय ना या घराला."

"वयनी..."

"तुमचे भाव गेले तवा कान्हू आला. कोनी बोलवला नवता. डावा खांदा दिला त्यानं. आधाराला दुसरा हात नाय, तरी पार नदीपावत गेला, कोनाला बदली दिला नाय. आनि तुमी आलात तिसऱ्या दिवशी, गाडी करून."

"सुट्टी मिळाली नाही तेव्हा."

"तवापन हेच बोललात." त्यांनी सूप उचलून आपटलं. "काय सांगनार हाव कान्हूला?"

"जे खरं झालं ते."

"त्याला? त्याला कशाला सांगायला पायजे? तो तितंच होता नव्हं! भावोजी, त्याला सगलं म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांगायची छाती असंल तर बोला, नायतर सकालच्या गाडीनं जावा आपले."

हैबतरावांना राग आला. खरं बोलणाऱ्यावर येतो तसला. ते उठले, चपला घातल्या आणि फाट्यावर येऊन मिनीडोर रिक्षात बसून अष्टमीला गेले. महमूद तरी आपल्याशी नीट बोलेल, असं त्यांना उगाचच वाटत होतं.

महमूद कुवेतहून परत येऊन आता अष्टमीत दुकान चालवत होता. मीठ, माचिसपासून प्लास्टिकच्या बादल्यांपर्यंत सगळं त्या दुकानात. दाढी पांढरी झाली होती. हैबतरावांना बघून त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हैबत?"

"ओळखलंस!"

"न ओळखून काय करू?" तो गल्ल्यावरून उठला नाही. समोरच्या स्टुलावर अंड्यांचे ट्रे होते, ते उचलून त्याने बसायला जागाही केली नाही. "काय पायजे?"

"काही नको. भेटायला आलो. आपली ती पोपटी व्हायची दर थंडीत, आठवतं?"

"मला विचारतोस आठवतं का?" महमूदने काउंटरवर तळवा टेकला. "त्या दिवशी मडक्यापाशी मी बसलो होतो, हैबत. कोंबडी मी कापून आनली, जाल मी लावला. तीन वाजायला आले. भोंगा ऐकला कंपनीचा. मला वाटलं, शिफ्टचा असेल. चार वाजले तरी मी आपला पेंढा टाकत बसलोय, येतील आत्ता, येतील आत्ता. आतलं सगलं कोलसा झालं तवा रोहिनीभाभी पलत आली बांधावरनं, पायात चप्पल नाय. तू मला विचारतोस आठवतं का!"

एक बाई साबण घ्यायला आली. महमूदने तिला साबण दिला, सुट्टे दिले.

"ही अंडी कशाला एवढी?" हैबतरावांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"आज लावनार हाय त्याच्या वावरात. चार वाजता. आठ-धा जन असतात." महमूद अंडी मोजून पिशवीत ठेवू लागला. "चल, असं मी बोलनार नाय. नको येऊ, असंपन बोलनार नाय. बांध काय माझा नाय."

पोपटीला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. हैबतराव चालत परत आले आणि येताना रस्त्याकडेचा भांबुर्डीचा पाला खुडून त्यांनी हातरुमालात बांधला. मडक्याला आतून हाच पाला लावतात, तोंडालाही हाच कोंबतात. पूर्वी पाला आणायचं काम त्यांचंच होतं. बोटांना तो उग्र वास लागला आणि त्यांना क्षणभर वाटलं, की सगळं ठीक होईल.

भात कापलेल्या वावरात वाल गुडघाभर उभा होता. कडेच्या मोकळ्या जागेत माणसं उकिडवी बसली होती. हैबतराव बांधावर दिसले तशी बोलणी थांबली. गणेश म्हणून एक रिक्षावाला होता, तो तेवढा म्हणाला, "हे कोन पावनं?" बाकीच्यांनी माना मडक्याकडे वळवल्या.

कान्हू मडकं भरत होता. दोन्ही मांड्यांत मडकं घट्ट धरलेलं आणि डाव्या हाताने मूठ मूठ शेंगा आत. त्यावर मीठ आणि ओवा, मग बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, परत शेंगा. उजव्या बाजूला सदऱ्याची बाही गाठ मारून ठेवलेली. त्याने एकदा वर बघितलं आणि परत शेंगांत हात घातला. त्याच्या कामाची गती तसूभरही बदलली नव्हती.

"पाला आणलाय," हैबतराव म्हणाले.

कान्हूची बायको रोहिणी उठली. तिने रुमाल घेतला, सोडला, पाला बांधापलीकडे वहिनींच्या वावरात झटकला आणि रुमालाची घडी करून हैबतरावांच्या हातात दिली.

"आमच्याकडं हाय पाला," ती म्हणाली.

हैबतराव उभेच राहिले. बस म्हणायला कोणी नव्हतं, आणि न सांगता बसायचं धैर्य होत नव्हतं. कान्हूने मडक्याच्या तोंडात पाला दाबून बसवला, महमूदने मडकं उचलून दगडांवर पालथं घातलं, भोवती गोवऱ्या आणि लाकडं रचली, पेंढा टाकला आणि जाळ केला. धूर आधी जमिनीवर लोळला, मग वालावरून पसरत गेला. लोकांनी परत बोलायला सुरुवात केली. पावसाबद्दल, रस्त्याबद्दल, कोणाच्या मुलीच्या साखरपुड्याबद्दल. हैबतराव सोडून सगळ्यांबद्दल.

अर्धा तास गेला असेल. गणेश हात चोळत उठला.

"चला, काढा आता. भूक लागली."

"थांब रं," दुसरा कोणीतरी म्हणाला, "कान्हूची घाई नको!"

सगळे हसले. नेहमीचंच होतं ते, मिठाइतकं सवयीचं. आणि कान्हूही हसला. एकोणीस वर्षं ह्या माणसाने स्वतःच्या वावरात, स्वतःच्या मडक्यापाशी बसून हे ऐकलं होतं आणि लोकांबरोबर हसायला शिकला होता.

हसू ओसरल्यावर कान्हूने पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड केलं.

"हैबत, इकडं ये. तुझा कान चांगला होता. बघ बरं झाली का."

रोहिणी काही बोलायला गेली, त्याने हाताने थांबवलं. हैबतराव पुढे आले. महमूदने पाण्याचा तांब्या सरकवला. त्यांनी ओंजळभर पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब पडल्या जागी उडून गेले. झाली होती. शंका घ्यायला जागा नव्हती, वासही बरोबर सुटला होता.

"मग?" कान्हू म्हणाला. "काय करू?"

हैबतरावांच्या जिभेवर शब्द आला आणि तिथेच चिकटला. दोनच अक्षरांचा. आता सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"झाली असेल," ते म्हणाले.

"असंल नको. नक्की सांग."

"बघा तुम्हीच. तुम्हाला जास्त कळतं."

"मला काय कलतं? मला घाई असते. सगल्या तालुक्याला म्हाईत हाय."

कोणी हसलं नाही. गणेशने काठी उचलली, लाकडं बाजूला सारायला वाकला, तसा कान्हू ओरडला, "हात लावू नको! तो सांगंल तवाच काढायची. तोपावत बसा सगले."

जाळ चढत होता. एक गोवरी ढासळली. करपल्याचा पहिला वास आला, आधी अगदी थोडा, मग घशाला लागेल असा. रोहिणी म्हणाली, "जलतंय सगलं!"

"जलू दे," कान्हू म्हणाला. "एकदा जललीच हाय."

आणि तेव्हा हैबतरावांना कळलं, की हा माणूस रात्र झाली तरी बसेल. त्याला कसलीच घाई नाही. कधीच नव्हती.

"काढ," ते म्हणाले. मग त्यांनी परत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काढ! त्या दिवशीपन मीच बोललो होतो, काढ म्हनून. मी केबिनमधे नव्हतो. बाजूला उभा होतो. काटा शून्यावर नव्हता, मला दिसत होता. कान्हू नको बोलत होता डोल्यांनी, मी काढायला लावलं. घाई माझी होती. चौकशीत मी खोटं सांगितलं."

किती वर्षांनी ते गावच्या बोलीत बोलले होते, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. माणसं जागच्या जागी बसून राहिली. महमूद मान खाली घालून जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. रोहिणी रडत होती, पण तिने पदर डोळ्यांना लावला नाही, उघड्या डोळ्यांनी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

कान्हू उठला. पायाने लाकडं सारली, ओलं गोणपाट घेऊन डाव्या हाताने आणि गुडघ्याने मडकं कलतं केलं, पाला ओढून काढला आणि सगळं केळीच्या पानावर ओतलं. अर्ध्या शेंगा काळ्या पडल्या होत्या. अंडी फुटली होती. त्याने सगळ्यांचे वाटे केले आणि एक वाटा हैबतरावांपुढे ठेवला. चांगल्यातलाही नाही, जळक्यातलाही नाही, इतरांसारखाच.

हैबतराव खाली बसले. शेजारी कान्हू दाताने शेंग फोडून एका हाताने दाणे काढत होता. हैबतरावांनी आपल्या शेंगा सोलल्या, दाण्यांचा लहानसा ढीग केला आणि तो पानावरून हळूच त्याच्याकडे सरकवला. कान्हूने तो तितक्याच हळू परत सरकवला.

"मला येतं सोलायला."

"कान्हू, मला माफ..."

"ते नको." तो शेंग चावत म्हणाला. "धा मानसांनी ऐकलं, बरं झालं. बोलतो पन सगला तालुका. पेणपावत बोलतात. तितं कोन सांगनार?"

रोहिणीने उठून त्यांच्यापुढचं रिकामं पान उचललं. "खाऊन झालं असंल तर जावा आता. परत या बांधावर येऊ नका," ती म्हणाली. तिचं काही चुकलं, असं तिथल्या कोणालाही वाटलं नाही, हैबतरावांनाही नाही.

सकाळी वहिनींनी चहा केला. रात्रीतून बातमी घरोघर पोचली होती, पण त्या त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. कप मात्र त्यांनी हातात दिला.

फाट्यावर पेणची गाडी आली. तीच कालची बाई होती. तिने त्यांना ओळखलं आणि तिकीट दिलं. नागोठणं मागे पडलं. वडखळ जवळ आलं तसा मधल्या सीटवरचा एक माणूस बॅग सावरत उठला. बाई मशीनमधून मान न काढता ओरडली, "ओ दादा, बसा! कान्हूची घाई नको!"

हैबतराव उठून उभे राहिले. वरचा दांडा त्यांनी घट्ट पकडला.

"बाई, कान्हूनं घाई केली नव्हती. घाई माझी होती. माझं नाव हैबत."

गाडीतल्या सगळ्या माना वळल्या. कोणीतरी हसलं. बाईने त्यांच्याकडे बघितलं, काल बघितलं होतं तसंच, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "बरं काका. बसा तुमी. पडाल."

ते बसले नाहीत. बाई पुढे गेली. वडखळला माणसं उतरली, नवी चढली, गाडी पेणच्या रस्त्याला लागली. हैबतराव दांडा धरून शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाकडे वळले.

"निडीला एक कान्हू आहे," ते म्हणाले, "फार सावकाश काम करतो."